ऋताचं डोहाळजेवण

विनीताताईंना नाही म्हणणं मला इतकी वर्षं सिंगापुरात राहूनही जमलेलं नाही. त्या इथल्या आम्हा सगळ्या मराठी बायकांच्या ताई; फोन करून विचारत नाहीत, कळवतात. त्या दिवशीही त्यांनी कळवलंच.

"उल्का, शनिवारी दुपारी ऋताचं डोहाळजेवण. तुझ्याकडेच करू, माझ्या हॉलला रंग लावायचं काम चाललंय. तू काही म्हणजे काही करायचं नाहीस. स्वयंपाक आम्ही वाटून आणतो, फुलांचे दागिने मी सेरंगून रोडवरून घेते, हिरवी साडी माझ्याकडे आहे."

मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत कॉफीचा कप घेऊन उभी होते. "अहो ताई, पण..." एवढंच तोंडातून निघालं.

"पण काय? रविवारी पुण्याला चाललीय ना ती? मग शनिवारी नाही तर कधी? आईवेगळी पोर, त्यात पहिलटकरीण. तिचं कौतुक आपण नाही करायचं तर कुणी?" आणि फोन ठेवला.

मी कॉफी सिंकमध्ये ओतून दिली. घशाखाली उतरलीच नसती. कारण ऋता पुण्याला बाळंतपणासाठी चालली नव्हती, गर्भपात करून घ्यायला चालली होती. हे मी मुद्दाम असं उघडंवाघडं सांगतेय. गेले काही दिवस आमच्या घरात 'ते', 'तसलं', 'तिकडचं काम' असे इतके आडवळणाचे शब्द वापरून झालेत की मला त्यांचा वीट आलाय.

ऋता माझी नणंद, श्रीनिवासची धाकटी बहीण. सासू-सासरे गेले तेव्हापासून तिचं माहेर म्हणजे आंग मो किओमधलं हे आमचं भाड्याचं घर. तिचा नवरा प्रबोध टेक्सासमध्ये सॉफ्टवेअरमध्ये आहे. लग्नानंतर सहा-सात वर्षांनी दिवस राहिले, तेव्हा तिने फोनवर इतक्या हळू आवाजात सांगितलं होतं, की मला दोनदा विचारावं लागलं. मुलगी आहे हेही तिकडे रक्ताच्या तपासणीत आधीच कळलं होतं. आणि मग पाचव्या महिन्यातल्या मोठ्या सोनोग्राफीत दिसलं की बाळाला दोन्ही किडन्या नाहीत. त्यामुळे बाळाभोवती पाणी नाही, आणि पाणी नसल्यामुळे फुफ्फुसं वाढणार नाहीत. पोटात आहे तोवर ते जगेल. बाहेर आल्यावर श्वास घेता येणार नाही. तास-दोन तास, फार तर दिवस.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हे सगळं नीट समजावलं. पुढे काय करायचं असं ऋताने विचारल्यावर मात्र त्या उठल्या, दार नीट लागलंय का ते पाहून आल्या आणि म्हणाल्या, "या राज्यात मी तुमच्यासाठी काही करू शकत नाही." दुसऱ्या राज्यात जायचं तर तीन आठवडे थांबा. त्यात प्रबोधच्या कंपनीत माणसं काढायला सुरुवात झालेली. रजा मागायची सोय नाही, नोकरी गेली की व्हिसा गेला. शिवाय त्याच्या मित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी ठोकून दिलं की अशा कामात नवऱ्यावरसुद्धा केस होते. खरं-खोटं देव जाणे, पण प्रबोधची झोप उडाली. ऋता म्हणाली, "वहिनी, परक्या गावात मोटेलच्या खोलीत एकटी पडून राहू का मी? मला आपल्या माणसांत यायचंय."

आता इथे आमच्या श्रीनिवासरावांची एन्ट्री. तुआसच्या कारखान्यात हा माणूस यंत्राचं मॅन्युअल शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय बटणाला हात लावत नाही. पण बहिणीच्या बाबतीत त्याने इंटरनेटवर वरवर नजर टाकली आणि फोनवर छाती ठोकून सांगितलं, "इकडे ये. सिंगापुरात चोवीस आठवड्यांपर्यंत कायदेशीर आहे. कुणी काही विचारत नाही." बहीण रडत होती, हा भाऊ होता, आणि वाचायला पाच मिनिटं जास्त लागली असती.

ऋता आली. चांगी विमानतळावर ढगळ कुर्ता घालून उतरली, मला मिठी मारली आणि टॅक्सीत माझ्या खांद्यावर झोपून गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं क्लिनिकमध्ये गेलो. तिथली चिनी डॉक्टर फार चांगली होती हो. तिने सगळे रिपोर्ट वाचले, ऋताच्या हातावर हात ठेवला आणि मगच सांगितलं. पाहुणी म्हणून आलेल्या बाईचं इथे करता येत नाही. इथली नागरिक हवी, नाहीतर स्वतःकडे किंवा नवऱ्याकडे इथल्या नोकरीचा पास हवा, तेही नसेल तर आधी चार महिने इथे राहिलेली हवी. जिवावरच बेतलं असेल तर गोष्ट वेगळी. "भावाचा पास चालत नाही का?" श्रीनिवासने विचारलं. "नाही," ती म्हणाली, "सॉरी."

परतीच्या बसमध्ये श्रीनिवास वरच्या मजल्यावर एकटाच जाऊन बसला. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडण्याइतकं त्राण नव्हतं. ऋता खिडकीतून बाहेर बघत होती. "दादाला काही बोलू नकोस," ती म्हणाली. मग पुणंच उरलं. खरं तर पुणंच तिला टाळायचं होतं, कारण तिथे तिची सासू, चुलत सासवा आणि त्या सगळ्यांची मतं. माझा भाऊ मुकुल पुण्यात असतो. त्याच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून सोमवारची वेळ दिली, आणि दुसऱ्या एक डॉक्टर बघून सही करतील म्हणाल्या. प्रबोधने आईला सांगितलं. आई म्हणाली, "माझ्या दारातून असल्या कामाला जायचं नाही." म्हणून मुकुलकडे उतरायचं ठरलं आणि मीही आठवड्याची रजा टाकली. हे सगळं इतक्या गुपचूप, इतकं दमून ठरवलेलं, आणि त्यावर विनीताताईंचा हा कागदी चंद्र! हो, चंद्रसुद्धा आणणार होत्या. चांदण्यातलं डोहाळजेवण करायचं होतं त्यांना.

संध्याकाळी घरी आले तर ऋता सोफ्यावर बसून माझ्या गार्गीच्या शाळेच्या युनिफॉर्मला बटण लावत होती.

"विनीताताईंना काय सांगितलंस तू?" मी चप्पल काढता काढताच विचारलं.

"काही नाही. लिटिल इंडियात त्या मोठ्या दुकानात भेटल्या. पोट बघितलं, मला जवळ घेतलं, कितवा म्हणून विचारलं. मी म्हटलं, सहावा लागतोय, रविवारी पुण्याला चाललेय."

"अगं, काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचीस ना!"

"काय सांगू? गॅस झालाय म्हणून?"

मला हसू आलं आणि रागही आला. "बरं, ते राहू दे. मी उद्या फोन करून सांगते, तुला बरं नाहीये. ताप आलाय, उलट्या होतायत, काहीही सांगेन."

ऋताने दातांनी दोरा तोडला. "नको. होऊ दे."

"काय होऊ दे?"

"डोहाळजेवण."

"तुला वेड लागलंय का? त्या बायका गाणी म्हणतील, ओटी भरतील, बर्फी की पेढा ते विचारतील. तू तिथे हसत बसणार? आणि सोमवारी..."

"सोमवारी काय आहे ते मला माहितेय, वहिनी."

"मग कशाला हा तमाशा?"

"मला पाहिजे," ती म्हणाली. एवढंच. युनिफॉर्मची घडी घातली आणि आत निघून गेली.

रात्री जेवताना मी श्रीनिवाससमोर हा विषय काढला. म्हटलं, तू तरी समजाव तिला, तुझी बहीण आहे. तो भात चिवडत म्हणाला, "तिला हवंय ना? मग करू दे. मी तिला काही समजवायच्या लायकीचा राहिलो नाही." गार्गी मध्येच म्हणाली, "Aiyo, just let Aatya have her party lah." तिला आम्ही फक्त बाळ बरं नाहीये एवढंच सांगितलं होतं. मी हात टेकले. खरं सांगते, त्या क्षणी मला सगळ्यांचाच कंटाळा आला होता. टेक्सासचा, सिंगापूरचा, पुण्याचा, आणि ज्याला त्याला माझ्या नणंदेच्या पोटाबद्दल काहीतरी म्हणायचं असतं, त्याचा.

शनिवारी विनीताताई आल्या त्या आठ-दहा बायकांना घेऊन आणि लिफ्ट अडवूनच. पाट, चौरंग, समया, मोगऱ्याच्या वेण्या, आळूवड्यांचा डबा, मसालेभाताचं पातेलं, जिलबी. आणि तो चंदेरी कागदाचा चंद्र, जो त्यांनी माझ्या एसीच्या खाली चिकटपट्टीने लावला. ऋताला हिरवी साडी नेसवली. फुलांचा मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा. कंबरपट्टा बांधताना विनीताताईंनी गुडघ्यावर बसून तिच्या पोटावरून हलकेच हात फिरवला आणि तोंडाने काहीतरी पुटपुटल्या. मी स्वयंपाकघरात पळाले. भांडी घासलेलीच होती, ती पुन्हा घासायला घेतली.

ऋता मात्र बसली होती मान वर करून. दिसत होती इतकी सुंदर, की बघवत नव्हतं.

पहिला अर्धा तास बरा गेला. गाणी झाली, उखाणे झाले. एकीने उखाण्यात सिंगापूरचं नाव घालायच्या नादात नवऱ्याचंच नाव गाळून टाकलं, त्यावर सगळ्या पोट धरून हसल्या. ऋताही हसली. मला वाटलं, सुटलो बहुतेक. ओटी, वाट्या, जेवण, आणि संपलं.

तेवढ्यात भार्गवीने तोंड उघडलं. ही भार्गवी इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करते, पेशींवर काहीतरी संशोधन आहे तिचं. पोरगी हुशार आणि मनाने चांगली, पण गप्प बसणं तिच्या स्वभावात नाही. "बरं झालं बाई टेक्सासातून बाहेर पडलीस," ती ऋताला म्हणाली. "तिथे काही गुंतागुंत झाली तर डॉक्टर हात लावायला घाबरतात म्हणे. बाई मरायला टेकली तरी आधी वकिलाला विचारतात."

"शुभ दिवशी कसले गं विषय काढतेस?" विनीताताई म्हणाल्या.

"अहो, पण खरं आहे ते. काय चाललंय अमेरिकेत! ज्यांना साधी पेशी म्हणजे काय ते ठाऊक नाही, ते कायदे करतायत. सुरुवातीला असतं काय त्यात? पेशींचा एक गोळा. त्याला माणूस म्हणायचं आणि जिवंत बाईला भांडं."

हळदीकुंकवाचं ताट विनीताताईंनी खाली ठेवलं. "पेशींचा गोळा?"

"शास्त्राच्या दृष्टीने म्हणतेय मी."

"शास्त्र ठेव तुझ्या लॅबमध्ये. माझे दोन गेले, भार्गवी. एक तिसऱ्यात, एक पाचव्यात. ते गोळे होते का? मी काय गोळ्यांसाठी रडले? अमेरिकेतले लोक बाकी कसेही असोत, पण जीव तो जीव, हे तरी ते म्हणतात. आपल्याकडे तेवढंही कुणी म्हणत नाही. पाच मिनिटांत मोकळं व्हायचं आणि संध्याकाळी पिक्चरला जायचं."

"कोण जातं हो पिक्चरला? किती बायकांना काय काय सोसावं लागतं, माहितेय तुम्हाला? दहा वर्षांच्या मुलींना..."

"म्हणून सरसकट सगळ्यांना परवाना?"

"परवाना तुम्ही देणार कोण?"

झालं. दोघी अशा पेटल्या की बाकीच्यांना बाजू घ्यावीच लागली. एक म्हणाली, माझ्या बहिणीचं मूल अपंग आहे पण घराचा प्राण आहे. दुसरी म्हणाली, घराचा प्राण म्हणायला काय जातंय, रात्री उठतं कोण? आणि या सगळ्यांच्या मधोमध, पाटावर, फुलांचा मुकुट घालून ऋता. तिच्या डोक्यावरून शब्द इकडून तिकडे जात होते आणि ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे ऐकत होते, आणि माझं डोकं जे फिरलं!

"बास!" मी ओरडले. हातातला साबणाचा काथ्या बेसिनमध्ये फेकला. "माझ्या घरात ही अमेरिका नको. लाज वाटत नाही? कुणासमोर बोलताय, काही कळतंय का?"

सगळ्या चपापल्या. विनीताताई ओशाळून म्हणाल्या, "खरंय बाई, पहिलटकरणीसमोर असलं बोलू नये. चुकलंच आमचं. चला, ओटी घ्या."

"थांबा ताई," ऋता म्हणाली. "वहिनी, तू पण थांब. मी सांगते."

आणि तिने सांगितलं. मी वर सांगितलं त्याहून कमी शब्दांत. किडन्या नाहीत, पाणी नाही, जगणार नाही. सोमवारी पुण्यात वेळ घेतलीय. आवाज कापत नव्हता. तिला हे बोलून बोलून पाठ झालं होतं, डॉक्टरांशी, नवऱ्याशी, सासूशी, आणि स्वतःशी.

भार्गवीने तोंडावर हात ठेवला, तिचे डोळे भरून आले.

"आमच्या शेजारी एक बाई आहे," ऋता पुढे म्हणाली. "चर्चमध्ये जाणारी. तिला कुठून कळलं कोण जाणे, माझ्यासाठी केक घेऊन आली. खूप रडली. म्हणाली, ती तुझी लेक आहे, तिला जन्माला येऊ दे, हातात घे, मग जाऊ दे. मी म्हटलं, तिचा श्वास कोंडताना मला बघवणार नाही. तर म्हणाली, मग तू खून करतेयस. केक ठेवून गेली. प्रबोधच्या ऑफिसातली एक मैत्रीण आहे, ती धावून आली. म्हणाली, कसला खून, ते अजून बाळच नाही, एक ऑपरेशन आहे, अपेंडिक्स काढतो तसं. तू आमच्या मोर्चाला ये, माइकवर बोल. मी म्हटलं, मी तिच्यासाठी टोपडं विणलंय. तर म्हणाली, असा विचार करू नकोस, त्रास होईल."

डोक्यावरचा मुकुट घसरत होता, तो तिने एका हाताने सावरला.

"एक म्हणते, बाळ आहे, म्हणून हात लावायचा नाही. दुसरी म्हणते हात लाव, कारण ते बाळ नाहीच. मी कंटाळले हो दोघींना. माझ्या पोटात माझी मुलगी आहे. आणि मी तिला नऊ महिने वाढवून गुदमरायला बाहेर आणणार नाहीये. हे दोन्ही खरं आहे. मला फक्त कुणीतरी हे दोन्ही एकदम ऐकून घ्यायला हवं होतं. ताईंनी डोहाळजेवण म्हटलं, तेव्हा वाटलं, होऊ दे. बारसं तर होणार नाही तिचं. एवढं तरी होऊ दे."

इतके दिवस मी तिकिटं काढत होते, डॉक्टरांना फोन करत होते, नवऱ्यावर धुसफुसत होते आणि तिला सांभाळतेय असं मला वाटत होतं. त्या पोरीला काय हवंय हे मला माहीत नव्हतं. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

पहिल्यांदा हललं कोण, तर दाराजवळच्या दोघीतिघी. "निघतो आम्ही, मुलांचे क्लास आहेत," वगैरे. त्यातल्या एकीने ओटीसाठी आणलेला नारळ हळूच परत पिशवीत घातला. पाहिलं मी. तिचं नाव सांगत नाही, पण पाहिलं. हळूहळू आणखीही काही जणी गेल्या. भार्गवी ऋताच्या पाटाजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, "सॉरी गं. मी मूर्खासारखी बोलले." ऋता म्हणाली, "तू तुझ्या जागी बरोबर बोललीस. फक्त ते माझं नव्हतं."

विनीताताई उभ्याच होत्या. चेहरा लाल झाला होता. "हे तू मला आधी सांगायला हवं होतंस, उल्का," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "मी इथे चंद्र लावत बसले!"

"चुकलं माझं," मी म्हणाले.

मग त्या ऋताकडे वळल्या. "मला हे पटत नाही, पोरी. तोंडदेखलं बोलायला मला जमत नाही म्हणून सांगते. देवाने दिलंय, न्यायचं तर तो नेईल. आपण मध्ये पडायचं नाही, असं मला वाटतं. उद्याही वाटेल."

"वाटू दे ताई. मला तुमच्याशी भांडायचं नाही."

"मी ओटी भरणार नाही तुझी. माझा हात उचलणार नाही."

"बरं," ऋता म्हणाली. फार हळू म्हणाली.

मला इतका संताप आला की विनीताताईंना दाराबाहेर काढावंसं वाटलं. पण आधी ऋता. मी हात पुसले, तांदळाचं ताट ओढलं, खण घेतला, नारळ घेतला आणि तिच्यासमोर बसले. तिने पदर पसरला. आणि माझी पंचाईत झाली. ओटी भरताना काय म्हणायचं असतं ते मला येतं, शंभर वेळा म्हटलंय. सुखरूप बाळंतीण हो. आता ते कसं म्हणू? तांदूळ ओंजळीत घेऊन मी तशीच बसून राहिले. शेवटी म्हटलं, "सुखरूप परत ये." आणि तांदूळ तिच्या पदरात घातले. भार्गवीने मागून कुंकू लावलं.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, विनीताताई त्यांचे डबे आवरून चालल्यायत. जाऊ देत, म्हटलं, न्या तुमची जिलबी. मी आत गेले, दोन शब्द सुनवायच्या तयारीनेच. तर त्या माझ्या कुकरचं झाकण लावत होत्या.

"चिंच कुठे ठेवतेस?" त्यांनी न वळताच विचारलं.

"काय?"

"चिंच. ऋताला विचारून आले मी आत्ता, तू हात पुसून खण-नारळ घेत होतीस तेव्हा. काय खावंसं वाटतंय म्हटलं. म्हणाली, चिंचगुळाची आमटी आणि भात. एवढा डबे भरून स्वयंपाक आणला आम्ही. त्यात साधं वरणसुद्धा नाही. गाढवपणा नुसता."

"ताई, तुम्ही आत्ताच म्हणालात..."

"ओटी भरणार नाही म्हणाले. उपाशी ठेवीन असं कधी म्हणाले?" त्यांनी नाक ओढलं. "चिंच दे."

मी चिंचेची बरणी काढून दिली. गूळ काढला, गोडा मसाला काढला. त्यांनी फोडणी केली. माझा राग गेला नव्हता, आणि त्यांचंही मत बदललेलं नव्हतं, ते त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं. तरी मी त्यांना पळी दिली, त्यांनी ती घेतली.

भात मऊ झाला होता. विनीताताईंनी ताटात आमटी-भात कालवला, वर तूप सोडलं आणि ऋतासमोर मांडी घालून बसल्या. "आ कर," म्हणाल्या. ऋताने पहिला घास घेतला. मग दुसरा. गेल्या कित्येक दिवसांत मी तिला असं जेवताना पाहिलं नव्हतं. तुपाचा ओघळ हनुवटीवर आला तो विनीताताईंनी आपल्या पदराने पुसला.

तिसऱ्या-चौथ्या घासाला ऋता थांबली. हात पोटावर गेला.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"काही नाही. हलली."

भार्गवीने मान फिरवली. विनीताताईंनी उजव्या हातातला घास तसाच धरला, डावा हात पुढे केला आणि ऋताने तो आपल्या हाताने धरून पोटावर ठेवला.

"मला काही लागत नाहीये," विनीताताई म्हणाल्या.

"मला लागतंय," ऋता म्हणाली.

विनीताताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता. त्यांनी ऋताच्या तोंडाकडे बघितलं.

"तरी जाणार?"

"हो ताई. जाणार."

विनीताताईंनी पोटावरचा हात काढला नाही. दुसऱ्या हातातला घास पुढे केला.

"बरं," त्या म्हणाल्या. "अजून थोडा भात खा."